पाऊस गेला, आता झाडांचं काय?

दरवर्षी जुलैत आपल्या कॉलेजात वृक्षारोपण होतं. खड्डे तयार असतात, पाहुणे येतात, फोटो निघतात आणि मॅगझिनचं एक पान भरतं. (हो, ह्याच मॅगझिनचं!) वनमहोत्सवाची ही प्रथा १९५० पासून देशभर चालू आहे आणि ती चांगलीच आहे. पण मित्रांनो, जुलैत झाड जगवायला फारशी अक्कल लागत नाही. आभाळ फुकट पाणी देत असतं. झाडाची खरी परीक्षा ऑक्टोबरात सुरू होते, नेमकी आपल्या सबमिशन्सबरोबर. आणि तेव्हा तिकडे बघायला कोणीच नसतं.

आम्ही कॉन्व्हेंटवाले पुस्तकांत जे ऋतू शिकलो, त्यांत ऑटम म्हणजे लाल-पिवळी पानगळ आणि विंटर म्हणजे बर्फाखाली झोपलेली बाग. आपल्या देशावर असं काही होतं का? शरदात इथला शेतकरी रब्बीची पेरणी करत असतो. आधी ज्वारी, हरभरा, मग गहू. शेवंतीला तर दिवस लहान व्हायला लागल्यावरच कळ्या धरतात. तरीही कुंडीतल्या झाडांसाठी आपण थंड देशांतले सल्ले वाचतो. ‘ऑटम लागला की पाणी कमी करा.’ हा सल्ला ऑक्टोबर हीटमध्ये पाळला, तर आठवड्यात झाडाचं पापड होईल!

आपल्याकडे ह्या काळाचे दोन तुकडे आहेत आणि दोन्हींचे नियम उलटे आहेत. पुण्याकडून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात परततो. आभाळ मोकळं होतं, हवा कोरडी होते आणि गॅलरीतली छोटी कुंडी चारी बाजूंनी तापते. तेव्हा तिला रोज सकाळी पाणी हवं. दिवाळीनंतर मात्र थंडी पडते. बाष्पीभवन मंदावतं, मनी प्लांटची वाढ थांबल्यासारखी होते. आता रोज पाणी ओतलं तर मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना ऑक्सिजन मिळत नाही आणि ती कुजतात. वर पानं पिवळी पडतात. बघणारा म्हणतो, ‘पाणी कमी पडलं वाटतं,’ आणि अजून एक मग ओततो! त्यापेक्षा बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओलं लागलं तर पाणी नको. कुठलाही सेन्सर लागत नाही.

थंडी हा पेरायचाही मोसम आहे. एखाद्या पसरट ट्रेला भोकं पाडून त्यात मेथी टाका. तीन-चार दिवसांत उगवते, महिन्याभरात खुडता येते. धणे मात्र रगडून, दोन भाग करून पेरायचे. मेसच्या पातळ आमटीवर आपल्या हातची कोथिंबीर पडली, तर तेवढंच समाधान!

आता मोठा प्रश्न, दिवाळीची सुट्टी. आपण घरी फराळ खातो आणि कुंड्या इथे उपास करतात. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये ‘कॅपिलरी’वर आपण मार्क मिळवतो ना? मग पायजम्याची जुनी सुती नाडी घ्या. ती भिजवून एक टोक कुंडीच्या मातीत खोल पुरा, दुसरं पाण्याच्या बाटलीच्या तळापर्यंत सोडा. बाटलीच्या झाकणाला नाडीपुरतंच भोक ठेवा. निघायच्या दोन दिवस आधी करून बघा, म्हणजे पाणी चढतंय की नाही ते कळेल.

बाटलीला झाकण का? तर डासांमुळे. आमच्या हॉस्टेलवर सुट्टीआधी नोटीस लागते: ‘डेंग्यूचा धोका असल्याने गॅलरीतल्या सर्व कुंड्या काढाव्यात.’ धोका खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण डास मातीत वाढत नाहीत, कुंडीखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यात वाढतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणजे आठवड्यातून एकदा ताटली रिकामी करून घासली आणि सुट्टीत उपडी ठेवली की काम झालं. नोटीस कुंड्यांवर नको, ताटल्यांवर काढा. ज्याच्या ताटलीत पाणी सापडेल त्याची कुंडी खुशाल उचला!

आता कोणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला, झाडं हवा शुद्ध करतात म्हणून का? मला ती जाहिरात पटत नाही. नासाचा १९८९ चा प्रसिद्ध प्रयोग बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा आढावा घेतल्यावर दिसलं, की साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला एका चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील. तेवढी ठेवली तर आपण झोपायचं कुठे? कारण साधं आहे. पीएलमध्ये, जेव्हा कोणी कोणाशी धड बोलत नाही, तेव्हा सकाळी उठून एका जिवाची विचारपूस करावीशी वाटते. हॉस्टेलच्या खोलीत ही काही छोटी गोष्ट नाही.

आणि कॅम्पसवरची रोपं? त्यांच्यासाठी एकटे माळीकाका आहेत, आणि दिवाळी त्यांच्याही घरी असते. म्हणून प्राचार्य आणि रेक्टर मॅडमना माझी विनंती आहे. पुढच्या जुलैत शंभर रोपं लावू नका, वीस लावा. पण प्रत्येक रोपाला ऑक्टोबर ते जून पाणी घालणारी एक खोली नेमून द्या. गळलेली पानं जाळण्याऐवजी त्यांच्या आळ्यात पसरा, ओल टिकेल. आणि फोटो जरूर काढा, फक्त तो जुलैत नको, फेब्रुवारीत काढा. तेव्हा जी उभी असतील, तीच आपण लावलेली झाडं.

– टी. ई. मेकॅनिकल