मैदान सुटले, खेळ मोबाइलवर

नांदेडच्या गुरू गोविंदसिंगजी स्टेडियमच्या परिसरात किंवा लातूरच्या नाना-नानी पार्कात संध्याकाळी बसणाऱ्या ज्येष्ठांच्या गप्पांत जुने मैदान हमखास येते. जत्रेतला फड, कबड्डीतली पकड, शाळेच्या संघातला खो-खो. कुस्तीचा विषय निघाला की निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार आणि त्यांची १९६९ची महाराष्ट्र केसरीची गदा आठवतेच. गप्पा ओसरल्या की यातल्याच कुणाच्या हाती मोबाइल येतो आणि त्यावर कॅरम, लुडो, बुद्धिबळ नाहीतर क्रिकेट सुरू होते.

‘आबा सारखे मोबाइलमध्ये’ ही घराघरांतली तक्रार पूर्ण खरी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी ६० ते ८५ वयाच्या लोकांना एक खास संगणकीय खेळ महिनाभरात एकूण १२ तास खेळायला दिला. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, दोन कामे एकाच वेळी सांभाळण्यात ते सराव नसलेल्या विशीतल्या तरुणांच्याही पुढे गेले आणि हा फायदा सहा महिन्यांनंतरही टिकला. मात्र तो खेळ त्याच हेतूने बनवलेला होता. बाजारातल्या प्रत्येक ॲपला तो दाखला लागू होत नाही. मेंदू तल्लख करण्याचे अवाजवी दावे केल्याबद्दल ‘ल्युमॉसिटी’ कंपनीला अमेरिकेत २०१६ मध्ये २० लाख डॉलर मोजावे लागले. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५च्या कायद्याने बंदी आणली, हे पेन्शनवर जगणाऱ्यांच्या दृष्टीने बरेच झाले.

गप्पांनाही कमी लेखू नये. साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी म्हातारपणी सर्वांत ठळक राहतात. स्कॉटलंडमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्यांना जुन्या फुटबॉल सामन्यांची छायाचित्रे दाखवून बोलते केले जाते. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. अशा घरात वडिलांना जुनी कुस्ती सांगायला लावणे बिनखर्चाचे आहे. तोच किस्सा दहाव्यांदा ऐकावा लागतो, एवढेच.

खरी गोची पायांची आहे. गोल्फ आपल्या भागात फारसा कुणी खेळत नाही, पण स्वीडनमधल्या तीन लाख गोल्फपटूंच्या नोंदींत त्यांचा मृत्युदर इतरांपेक्षा ४० टक्के कमी आढळला. एका डावात सहा-सात किलोमीटर चालणे होते, हे त्याचे एक संभाव्य कारण सांगितले जाते. तोच खेळ पडद्यावर खेळला तर चालणे शून्य. जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपुढच्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि तीन दिवस तोल व ताकदीचा सराव सांगते. जुन्या खेळाडूंचा घोळ असा, की ‘आपण पैलवान होतो’ या भरवशावर ते हे टाळतात. तालमीत कमावलेली मांडी वापराविना झिजते आणि मग न्हाणीघरात पाय घसरल्यावर सावरत नाही.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. हातांची छातीवर घडी घालून साध्या खुर्चीवरून पाच वेळा उठा-बसायचे. शेजारी कुणीतरी उभे राहावे. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले, तर पायांची ताकद घटल्याची शक्यता आहे. डॉक्टरांना दाखवून व्यायाम ठरवून घ्यावा. कॅरमचा डाव त्यानंतर.