प्रेशर घरातलं!

यवतमाळकरांना पाण्याच्या प्रेशरचं टेन्शन? 2018च्या उन्हाळ्यात टँकरची वाट बघताना कुणी असं म्हटलं असतं, तर आम्ही हसलो असतो. पण 4 मार्च 2023ला शहरात जमिनीखालची पाइपलाइन फुटली, रस्ता उखडला, स्कूटीवरची महिला जखमी झाली. तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल.

आमचं तिथलं घर जुनं, पाइप जीआयचे. परवा आईचा फोन, 'नळ बंद केला का भिंतीत धाडकन वाजते रे!' वाहतं पाणी एकदम अडलं, की त्याचा दणका पाइपला बसतो. गंजलेले सांधे आधी मान टाकतात.

मग करायचं काय? सिंपल! पाणी सुटलं की सगळे नळ बंद ठेवून प्लंबरकडून प्रेशर गेज लावून घ्या. आकडा 5 बारच्या वर? प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. त्याहून सोपं म्हणजे मेन लाइन फक्त टाकीपर्यंत, बॉल कॉकसकट. घरातले नळ गच्चीवरच्या टाकीवर. 10 मीटर उंचीला साधारण 1 बार, म्हणजे 5 मीटरवरच्या टाकीतून अर्धाच.

आईबाबा तिथे दोघंच असतात ना? पैसे तर आपण दर महिन्याला पाठवतोच. या वीकेंडला प्लंबर पाठवा. आणि मेन कॉक कुठे आहे, ते त्यांना आजच फोनवर विचारा!