मार्ग छेदले म्हणजे भेट झाली काय?

अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेतील विद्यार्थ्याला सदिशांची बेरीज येत नाही, अशी तक्रार सहसा ऐकू येत नाही. पूर्वेकडचा घटक एकीकडे, उत्तरेकडचा दुसरीकडे मांडून तो बेरीज-वजाबाकी सफाईने करतो. परंतु यामिकीतील दोन गतिमान कणांचे उदाहरण पुढे आले आणि त्यात ओळखीचे सूत्र दिसेनासे झाले, की त्याची लेखणी अडते. उणीव असते ती आकडेमोडीची नव्हे. प्रश्न नेमके काय विचारतो आहे, ते डोळ्यांपुढे उभे करण्याची.

एक साधे उदाहरण घ्यावे. समुद्रातील एक बिंदू आदिबिंदू मानला. सकाळी ९ वाजता एक बोट त्या बिंदूपाशी असून ताशी १६ किलोमीटर वेगाने पूर्वेस निघाली आहे. त्याच वेळी दुसरी बोट आदिबिंदूच्या २० किलोमीटर पूर्वेस व १० किलोमीटर दक्षिणेस असून ताशी १२ किलोमीटर वेगाने उत्तरेस चालली आहे. वेग कायम राहिले, तर त्यांची टक्कर होईल काय?

घाईत असलेला विद्यार्थी दोन्ही मार्गरेषांचा छेदनबिंदू काढतो आणि ‘होय’ असे उत्तर देऊन मोकळा होतो. वस्तुतः दुसरी बोट त्या बिंदूशी ९ वाजून ५० मिनिटांनी पोचते, तर पहिली १० वाजून १५ मिनिटांनी. मार्ग एकमेकांना छेदतात, बोटी मात्र भेटत नाहीत. मग त्या जास्तीत जास्त जवळ केव्हा येतील? येथे काठावरून पाहणे सोडून पहिल्या बोटीत जाऊन बसावे लागते. तेथून पाहता दुसरी बोट ताशी १६ किलोमीटर पश्चिमेस व १२ किलोमीटर उत्तरेस, म्हणजेच एकूण ताशी २० किलोमीटर सापेक्ष वेगाने सरकताना दिसते. त्या सापेक्ष मार्गावर पहिल्या बोटीपासून लंब टाकला, की उत्तर मिळते : १० वाजून ६ मिनिटांनी, ४ किलोमीटर अंतरावर. त्या क्षणी दोहोंपैकी एकही बोट छेदनबिंदूवर नसते!

आता दुसरी बोट आरंभी १० ऐवजी १५ किलोमीटर दक्षिणेस होती असे मानावे. सव्वादहाला टक्कर अटळ ठरते. या वेळी पहिल्या बोटीतून पाहणाऱ्याला दुसरी बोट सतत एकाच दिशेला दिसत राहते. कमी होत जाते ते केवळ अंतर. समुद्रावरील टक्करी टाळण्यासाठी १९७२ साली जे आंतरराष्ट्रीय नियम ठरले, त्यांत नेमके हेच सांगितले आहे. जवळ येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरील दिशा लक्षात येण्याजोगी बदलत नसेल, तर टकरीचा धोका आहे असे समजावे. वर्गात सोडवायचे उदाहरण आणि हा नियम यांचे गणित एकच आहे.

त्या गणिताची किंमत किती असते, हे २५ जुलै १९५६ च्या रात्री दिसून आले. अमेरिकेच्या नँटकेट बेटानजीक ‘आंद्रेया डोरिया’ हे इटालियन आणि ‘स्टॉकहोम’ हे स्वीडिश जहाज एकमेकांवर आदळले. दोन्ही जहाजांवर रडार होते आणि प्रत्येकाला दुसऱ्याची चाहूलही लागली होती. परंतु एकाला वाटले की समोरचे जहाज उजव्या बाजूने निघून जाईल, तर दुसऱ्याला वाटले डाव्या. ‘आंद्रेया डोरिया’वर त्या हालचालीचे पद्धतशीर आलेखन झालेच नव्हते. एकूण ५१ माणसे दगावली. यंत्राने ठिपका दाखविला होता. त्या ठिपक्याचा अर्थ लावणे हे माणसाचे काम होते.

सर्वच विद्यार्थी नाविक होणार नाहीत, हे खरे. परंतु ‘केव्हा?’ आणि ‘कोणाच्या सापेक्ष?’ हे दोन प्रश्न विचारण्याची सवय प्रत्येक नागरिकाला हवी. महागाईचा दर उतरला हे वाचून भाव उतरले असे मानणारा सुशिक्षित मनुष्य वेग व त्वरण यांचीच गल्लत करीत असतो. गतीचा वेग मंदावला म्हणजे गती उलटली, असे नव्हे.

दुर्दैवाने आजची परीक्षापद्धती या सवयीला पोषक नाही. राज्याच्या प्रवेश परीक्षेत गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटे मिळतात. म्हणजे एका प्रश्नाला दोन मिनिटेही नाहीत. आकृती काढावी, आदिबिंदू निवडावा, उत्तर व्यवहारात शक्य आहे काय हे ताडून पाहावे, एवढी उसंत तीत नाही. चार पर्यायांपैकी योग्य तो निवडला की गुण मिळाले. तो विचाराने निवडला की अटकळीने, याची विचारपूस कोणी करीत नाही. मग शिकवणी वर्गांनी युक्त्या विकल्या आणि पालकांनी त्या विकत घेतल्या, तर त्यांना एकट्यांना दोष देऊन काय साधणार?

लाखो विद्यार्थ्यांची तपासणी निःपक्षपातीपणे व वेळेत व्हावयाची, तर यंत्राने तपासता येणारी प्रश्नपत्रिका अपरिहार्य आहे, हा युक्तिवाद नाकारता येणार नाही. परंतु म्हणूनच मंडळाच्या लेखी परीक्षेची व महाविद्यालयीन अंतर्गत चाचण्यांची जबाबदारी वाढते. तेथे आकृतीला गुण असावेत, दिशांच्या निवडीला असावेत, आणि शेवटी ‘याचा अर्थ असा’ म्हणून लिहिलेल्या एका वाक्यालाही असावेत. एका तासिकेत दहा उदाहरणे उरकण्यापेक्षा एकच उदाहरण आकडे बदलून, निरीक्षकाची जागा बदलून पुनःपुन्हा पाहिले, तर अभ्यासक्रम मागे पडणार नाही. उलट पुढची नऊ उदाहरणे विद्यार्थी आपली आपण सोडवील.

सदिशाला परिमाण असते, तशी दिशाही असते. परीक्षेच्या निकालात मात्र आज केवळ परिमाण मोजले जाते. दिशेची चौकशी शिक्षकानेच करावयाची आहे, आणि ती फळ्यावरील पहिल्या आकृतीपासूनच सुरू व्हावयास हवी.