विश्लेषण : स्पोर्टी मोटारीला ‘परफॉर्मन्स’ ब्रेक पॅड बसवावेत का?

गोंदिया शहराला लागून असलेल्या मुर्रीतून सकाळी निघालेल्या मोटारीसमोर सायकलवरची शाळकरी मुले, धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा आडवी येणारी गुरे कधीही येऊ शकतात. तीच मोटार काही तासांनी नागपूरपलीकडे समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेला भिडते. दोन्ही ठिकाणी तिला थांबवणारे ब्रेक पॅड तेच असतात. त्यामुळे समाजमाध्यमांवरील चित्रफिती पाहून थेट ‘रेसिंग’ पॅड मागवण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेणे गरजेचे आहे.

वेग वाढला की ब्रेकवर किती ताण येतो?

आय-२० एन लाइन, अल्ट्रोझ रेसर यांसारख्या मोटारी १२० पीएस शक्तीच्या टर्बो इंजिनासह आल्या. वेग पकडणे सोपे झाले, पण तो उतरवण्याचे काम ब्रेकचे. ब्रेक मोटारीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतात. प्रवाशांसह १,२५० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटरवरून थांबवताना सुमारे १७५ किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते; १२० वरून थांबवताना जवळपास ७००. म्हणजे वेग दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. वारंवार जोरात ब्रेक मारल्यास पॅड तापतो, त्याची पकड घटते आणि पेडल दाबूनही मोटार हवी तशी थांबत नाही. यालाच ‘ब्रेक फेड’ म्हणतात.

पॅडमध्ये फरक कशाचा असतो?

पॅडच्या घर्षण मिश्रणाचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

• ऑरगॅनिक : मऊ, आवाज कमी, डिस्कची झीज कमी. रोजच्या वापराला पुरेसे. मात्र सलग जोरदार ब्रेकिंगमध्ये लवकर थकतात.
• सेमी-मेटॅलिक : धातूचे प्रमाण जास्त, उष्णता चांगली सोसतात. बदल्यात आवाज, चाकांवर काळी भुकटी आणि डिस्कची अधिक झीज.
• सिरॅमिक : भुकटी व आवाज कमी, पकड एकसारखी, किंमत अधिक. महागड्या सुपरकारच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कशी याचा संबंध नाही.

शर्यतीचा पॅड रस्त्यावर का चालत नाही?

शर्यतीचे पॅड कित्येकशे अंश तापमानाला उत्तम पकड देतील अशा बेताने बनवलेले असतात. गावात, शहरात फिरताना ब्रेक तेवढे तापतच नाहीत. गोंदियात हिवाळ्यात पारा १० अंशांखाली जातो. अशा सकाळी घराबाहेर पडताच मारावा लागणारा पहिला ब्रेक थंड पॅडवरच मारला जातो आणि नेमकी तिथेच शर्यतीच्या पॅडची पकड कमी पडते. विदर्भाचा उन्हाळाही त्याला तापवायला पुरत नाही. ब्रेकच्या हिशेबात ४५ अंश म्हणजे थंडच. म्हणून रस्त्यावरच्या मोटारीसाठी निवडीची पहिली अट थंड अवस्थेतील पकड ही असावी. उष्णता सोसण्याची क्षमता त्यानंतर.

खरेदी करताना काय पाहावे?

अनेक पॅडच्या कडेला इंग्रजी अक्षरांची जोडी छापलेली असते. पहिले अक्षर सामान्य तापमानातील घर्षण सांगते, दुसरे तापल्यानंतरचे. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. ‘एफएफ’ किंवा ‘जीजी’ असा पॅड तापल्यावरही त्याच श्रेणीत राहतो. ‘जीई’ असल्यास तापल्यावर पकड बरीच घसरते. युरोपातील ‘आर-९०’ हे मानकही उपयोगी आहे. त्यानुसार पर्यायी पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या साधारण १५ टक्क्यांच्या फरकात असावी लागते. नकली मालाचा धोका टाळण्यासाठी अधिकृत विक्रेत्याकडून पक्के बिल घेऊनच खरेदी करावी.

पॅड बदलून काय सुधारत नाही?

जोरात ब्रेक मारल्यावर एबीएस चालू होत असेल, तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे. टायरची पकड संपली आहे. तिथे चांगले टायर हवेत, महाग पॅड नव्हेत. डांबरावर वाळत घातलेल्या धानावरून चाक घसरले, तर कोणताही पॅड मदतीला येत नाही. मागे ड्रम ब्रेक असलेल्या मोटारीत फक्त पुढचे पॅड फार आक्रमक बसवल्यास पुढच्या-मागच्या चाकांतील ब्रेकचा समतोल बदलतो, हेही लक्षात घ्यावे.

दुर्लक्षित राहते ते ब्रेक ऑइल. ते हवेतील ओलावा शोषते. नव्या ‘डॉट ४’ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो. ओलावा मुरल्यावर तो १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. चिखलदऱ्यासारख्या घाटात उतरताना ते उकळले तर पेडल थेट खाली जाते. ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा.

नवे पॅड बसवल्यावर काय काळजी घ्यावी?

नवा पॅड डिस्कशी नीट बसावा लागतो. मोकळ्या, रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगातून पूर्ण न थांबता अनेकदा वेग कमी करणे आणि मध्ये ब्रेक थंड होऊ देणे, ही सर्वसाधारण पद्धत. नेमकी कृती खोक्यातील सूचनेप्रमाणे करावी. डिस्क खोल चरे पडलेली किंवा किमान जाडीपेक्षा पातळ झालेली असेल, तर आधी ती बदलावी.

बहुतांश मालकांसाठी क्रम स्पष्ट आहे : आधी टायर, मग ब्रेक ऑइल आणि डिस्क, त्यानंतर रस्त्यासाठीच बनवलेला दर्जेदार पॅड. शर्यतीचा पॅड ट्रॅकसाठी ठेवावा. मुर्रीच्या रस्त्यावर सायकलवरचे पोर अचानक वळले, तर ब्रेक तापण्याची वाट पाहायला वेळ नसतो.