अभय कुणाला देताय? आधी हिशेब द्या

मावशीला वाचता येत नाही, पण आकडे कळतात. नळाचं बिल आलं तेव्हा शेजारच्या पोराकरवी तिनं मला त्याचा फोटो धाडला आणि मागनं फोन. "आरं, पहिला एकच हाय ना?" म्हटलं, "एकच हाय मावशे, पण त्याच्याम्होरं आणखी चार आकडे हायेत." ११,६४० रुपये.

पाच घरांत मिळून एक नळ, एक मीटर, आणि बिल मावशीच्या नावावर. दोन महिन्याला दोनशे-सव्वादोनशे यायचं. घरटी चाळीस-पंचेचाळीस गोळा करून ती भरून यायची. कुठलं शहर ते सांगत नाही. तुम्ही राहता तेच धरा.

दोस्तहो, आपण मॅट्रिकपर्यंतच शिकलो, पुढं गोदी. पण त्रैराशिक विसरलेलो नाही. बिलावर वापर छापलाय ६ लाख लिटर, ६० दिवसांत. म्हणजे रोज १० हजार लिटर, एक मोठा टँकर. आणि वस्तीत पाणी येतं ४० मिनिटं. म्हणजे मिनिटाला अडीचशे लिटर! १५ लिटरचा हंडा चार सेकंदांच्या आत भरायला पाहिजे, अर्ध्या इंची नळाखाली. आमच्या बाया मात्र हंडा भरेपर्यंत दोन भांडणं उरकतात. एवढा हिशेब बिल छापणाऱ्या मशीनला करता येऊ नये? मशीनचं सोडा, खिडकीतल्या साहेबाला?

साहेब म्हणाला, "ए बाई, गळती तुमच्या बाजूची असंल. आधी भर, मग तक्रार दे." मावशी म्हणाली, "साहेब, मीटर बघायला तरी या." मीटर गटाराच्या काठाला, काचेत वाफ धरलेली, आत आकडा का झुरळ ते कळत नाही. तो वाचणारा माणूस शेवटचा कधी आला हे पाचातल्या एकाही घराला आठवत नाही.

हे का होतं त्यात जादू काही नाही. थांबून थांबून सोडलेल्या पाण्याच्या पुढं पाइपातली हवा धावते, आणि मीटरची चक्री हवेनंही फिरते. सकाळी नळ आधी फुसफुसतो ना, त्या फुसफुसण्याचेही पैसे लागतात. मीटर अडकला किंवा वाचलाच नाही तर सरासरीवर बिल फाडतात, आणि कधीतरी खरा आकडा सापडला की मागची सगळी बाकी एकदम डोक्यावर. कधी गळती खरीच असते, मीटरच्या पुढं, जमिनीखाली. असू शकते, आपल्या पाइपाला काय देवाचा वर आहे? पण ते पाणीही हंड्यात पडलेलं नसतं.

आता गोदीतलं सांगतो. बोटीला गोडं पाणी देतात ते टनावर, विकत. देण्याआधी मीटर बघतात, दिल्यावर बघतात. बोटीचा माणूस उभा राहून आकडा पाहतो, तेव्हा पावतीवर सही करतो. पटलं नाही तर तिथंच वाजतं. माल उतरतानाही तेच, बोटीचा टॅलीवाला वेगळा, धक्क्याचा वेगळा, दोघांचा मेळ बसला पाहिजे. पनामाचा झेंडा लावून आलेल्या लोखंडाला जो मान आहे तो माझ्या मावशीला नाही. तिचा टॅलीवाला कुठाय? मोजणारे तेच, बिल लावणारे तेच, तक्रार ऐकणारे तेच, आणि नळ कापायला पाना घेऊन येणारेही तेच.

वर त्यांचं औदार्य बघा. मुंबईत महापालिकेनं २०२० साली थकलेल्या पाणीबिलांसाठी योजना काढली. नाव काय? अभय योजना. अभय कुणाला देतात? चोराला, फरारी आसामीला. ज्याच्या मीटरनं खोटा आकडा दाखवला त्याला कसलं अभय? आणि माफ काय, तर थकबाकीवर महिन्याला चढणारा २ टक्के ज्यादा आकार. मूळ आकडा तसाच! तो चुकला असेल तर चुकलेलाच भरा, वर हात जोडा. ज्यांचं बिल बरोबर होतं आणि रोजगार बुडाल्यानं थकलं, त्यांना ही योजना उपयोगाची, नाही म्हणत नाही. पण सवलत वेगळी आणि दुरुस्ती वेगळी. वाण्यानं वहीत जादा मांडलं तर आपण सूट मागतो का? खोडून घेतो.

बाहेर हे जमतं. अमेरिका-इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी गळतीनं बिल फुगलं तर गळती बुजवल्याचं दाखवायचं, मग आधीच्या वापराची सरासरी धरून बिल कमी करतात. नियमच आहे, पाया पडायला लागत नाही. पण तिथंही वस्ती कुणाची ते बघतातच. २०१४ साली डेट्रॉइटमध्ये थकबाकीपायी हजारो घरांचं पाणी तोडलं. काळ्या लोकांचं शहर. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांना रहिवाशांनी सांगितलं की बिलं चुकीची आहेत, पण चूक शाबीत करायची आम्हीच. आपलीच गोष्ट, फक्त इंग्रजीत.

आम्ही मूळचे कोल्हारचे, प्रवरेकाठचे. वर अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. दुसऱ्याच वर्षी, २० मार्चला, बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याची ओंजळ उचलली, आणि ते पाणी सार्वजनिक आहे हे हायकोर्टातनं निघायला १९३७ उजाडलं. इकडं प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला, कारखाने झाले. त्या पाण्याची पट्टी वर्षानुवर्षं हेक्टरवर बसली, लिटरवर नाही. माझा आजा त्याच उसाच्या मोळ्या बांधायचा, शेतकऱ्यावर माझा दात नाही. एवढंच म्हणतो, उसाला जो विश्वास दिला तो हंड्याला द्या.

गावात घरगुती पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी वर्षाची ठोक असते. पण आता घरोघर नळ आले, मागोमाग मीटरची भाषाही आली. इथं दोस्तहो, कान टवकारा. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याचं कलम १४ वाचा. पंचायतीची मागणी, बिल हातात पडल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही तर माणूस सदस्य व्हायला अपात्र. म्हणजे आमच्या राखीव वॉर्डातल्या पोरीनं फॉर्म भरला की कुणीतरी दप्तरातनं थकबाकीचा कागद काढणार. तो आकडा मीटरनं चुकून दिला की कुणी मुद्दाम, हे ठरेपर्यंत निवडणूक होऊन गुलाल धुतलेला असेल. घोटभर पाण्याचं बिल खुर्चीपर्यंत पोचतं ते असं.

म्हणून मागणी सवलतीची करायची नाही. बिल नेहमीच्या दुपटीच्या वर गेलं तर ते आपोआप थांबलं पाहिजे. मागच्या सरासरीएवढं भरून घ्या, मीटर आमच्यासमोर उघडून तपासा, तोवर पाना घेऊन वस्तीत यायचं नाही. आणि वादातला आकडा कुणाच्याही उमेदवारीच्या आड येता कामा नये. मीटर बरोबर निघाला, गळती सापडली, तर हप्ते पाडा, देऊ. चूक शाबीत करायचं काम मोजणाऱ्याचं, पिणाऱ्याचं नव्हे.

मावशीनं मीटर तपासणीचा अर्ज दिलाय, अंगठा मारून. पोच मागितली तेव्हा साहेब हसला. ती खिडकीतनं हलली नाही, रांग खोळंबली, शेवटी शिक्का मिळाला. आता नळ आला की ती दारामागं खडूनं रेघ ओढते, गेला की दुसरी, आणि पोरगं मध्ये मिनिटं लिहितं. बाकीच्या चार घरांनीही सुरू केलंय. तुमच्याकडं असली बिलं असतील तर मागची सहा बिलं शोधून ठेवा, आणि उद्या सकाळपासून दारामागं रेघा ओढा.