द्राक्षबागेची नोंद आहे, माणसांची नाही

३१ मार्च २०१५ रोजी येमेनच्या एडन बंदरात भारतीय नौदलाची ‘सुमित्रा’ ही गस्ती नौका शिरली. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेली ही नौका सेवेत येऊन वर्षही झालं नव्हतं. तिच्यावर राहण्याची सोय शंभरेक नौसैनिकांची; त्या दिवशी तिने ३४९ माणसं चढवून घेतली आणि समुद्रापलीकडच्या जिबूतीला सुखरूप पोहोचवली. सौदी अरेबियाचे हवाई हल्ले सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता आणि शहरात रस्त्यारस्त्यांवर लढाई चालू होती.

‘सुमित्रा’ इतक्या लवकर पोहोचली, कारण ती मुळातच एडनच्या आखातात होती. २००८ पासून चाचेगिरी रोखण्यासाठी नौदलाचं एखादं तरी जहाज तिथे गस्तीवर असतं. ‘मुंबई’ आणि ‘तर्कश’ या युद्धनौका आदल्याच दिवशी मुंबईहून निघाल्या होत्या, पण त्यांना तिथवर जायला काही दिवस लागणारच होते. कोचीहून ‘कवरत्ती’ आणि ‘कोरल’ ही लक्षद्वीपची प्रवासी जहाजंही पाठवली गेली. जहाजं आणि विमानं मिळून ‘ऑपरेशन राहत’मध्ये ४६४० भारतीय आणि ४१ देशांचे ९६० नागरिक बाहेर निघाले. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी बॉम्ब पडू लागल्यावर ब्रिटिशांनी मलायातल्या पेनांगमधून फक्त गोऱ्या कुटुंबांना बोटींनी हलवलं होतं आणि भारतीय, चिनी, मलायी रहिवाशांना मागे टाकलं होतं. तो इतिहास ठाऊक असलेल्या कुणालाही एडनच्या धक्क्यावरचं हे दृश्य पाहून अभिमान वाटावा.

माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘मुंबई’ने हे काम त्याआधीही केलं होतं. जुलै २००६ मध्ये इस्रायलने बैरूतच्या विमानतळाची धावपट्टी उद्ध्वस्त केली आणि लेबनॉनची सागरी नाकेबंदी केली. भूमध्य समुद्रातला दौरा आटोपून परतणारी चार भारतीय जहाजं सुएझच्या वाटेवरूनच माघारी वळवण्यात आली. ‘मुंबई’, ‘ब्रह्मपुत्रा’, ‘बेतवा’ आणि ‘शक्ती’ यांनी सुमारे २२८० लोकांना सायप्रसच्या लार्नाका बंदरात आणलं. त्यांत श्रीलंका आणि नेपाळचे नागरिकही होते. लार्नाकाहून पुढे विमानं.

या मोहिमांना तीन गोष्टी लागतात: जवळपास असलेलं जहाज, लढणाऱ्या बाजूंची परवानगी आणि हाकेच्या अंतरावर एखाद्या तिसऱ्या देशाचं बंदर. यांतलं एक जरी नसलं तरी नौदल हतबल होतं. २०२२ मध्ये काळ्या समुद्रात सुरुंग पेरले गेले, ओडेसाची वाट बंद झाली आणि युक्रेनमधल्या आपल्या विद्यार्थ्यांना हाडं गोठवणाऱ्या थंडीत पोलंड, रुमानिया, हंगेरीच्या सीमा गाठाव्या लागल्या. या तिन्ही गोष्टी दिल्लीच्या पातळीवरच्या आहेत आणि दिल्लीने त्या बहुतेक वेळा चोख जुळवल्या आहेत.

चौथी गोष्ट मात्र गावपातळीवरची आहे, आणि तिथे आपण कमी पडतो. नेमकं कोण, कुठे अडकलं आहे, याची यादी.

एप्रिल २०२३ मध्ये सुदानचं लष्कर आणि निमलष्करी दल एकमेकांवर तुटून पडले. खार्टूमचा विमानतळ बंद झाला. लोकांना बसमधून सुमारे ८५० किलोमीटर दूर पोर्ट सुदानला नेऊन तिथून ‘सुमेधा’, ‘तेग’, ‘तर्कश’ या नौकांनी जेद्दाहला पोहोचवलं गेलं. ‘ऑपरेशन कावेरी’त एकूण ३८६२ लोक सुटले. पण सुदानमध्ये नेमके किती भारतीय आहेत याचा अंदाज लागायला वेळ गेला. बहुतेकांची ऑनलाइन नोंदणी झाली ती गोळीबार सुरू झाल्यावर, वीज आणि इंटरनेट येईल तेव्हा. कर्नाटकातल्या हक्की-पिक्की समाजाची माणसं औषधी तेलं विकायला तिथे गेली होती. त्यांच्या मागे ना कंपनी होती, ना कंत्राटदार. ती अडकल्याचं देशाला बातम्यांतून कळलं.

केंद्राकडे नोंदीच नाहीत, असं नाही. खलाशांची नोंद मुंबईत नौवहन महासंचालनालयाकडे असते. दहावी न झालेला कामगार आखातासह ठरावीक १८ देशांत नोकरीला निघाला, तर ‘ई-मायग्रेट’वर त्याचं नाव येतं. पण एजंटाने पर्यटक व्हिसावर पाठवलेला वेल्डर, मालेगावहून उमराहला गेलेलं कुटुंब, मुलाकडे चार महिने राहायला गेलेले आईवडील या जाळ्यात येत नाहीत. दूतावासात नाव नोंदवणं ऐच्छिक आहे, आणि शांततेच्या काळात ते कुणाच्या डोक्यातही येत नाही.

आता नाशिक जिल्ह्याकडे पाहू. इथे समुद्र नाही, पण समुद्रावरच्या युद्धाची झळ इथल्या शेतकऱ्याने सोसली आहे. येमेनच्या हूथी बंडखोरांच्या हल्ल्यांमुळे २०२४ च्या हंगामात द्राक्षांचे कंटेनर लाल समुद्र टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालून युरोपला गेले. वाट लांबली, भाडं वाढलं. निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी कुठे आहे, हे शिकवावं लागत नाही. तिथून जवळच, एडनच्या आखातात, मार्च २०२४ मध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळून तीन खलाशी मारले गेले आणि ‘कोलकाता’ या युद्धनौकेने २१ जणांना जिबूतीला नेलं.

याच जिल्ह्यात निर्यातीच्या प्रत्येक द्राक्षबागेची नोंद कृषी खात्याकडे होते आणि तिचं दरवर्षी नूतनीकरण होतं. अपेडा या केंद्रीय निर्यात संस्थेच्या ‘ग्रेपनेट’वरून युरोपात पोहोचलेली पेटी कोणत्या शेतातली, हे शोधता येतं. फळासाठी ही शिस्त आपण अंगी बाणवली, कारण युरोपच्या ग्राहकाने ती मागितली. परदेशी गेलेल्या आपल्या माणसासाठी ती कुणी मागितली नाही. युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रशासनाला हेल्पलाइन उघडून पालकांकडून मुलांची नावं गोळा करावी लागली. जे काम आधी व्हायला हवं होतं, ते पालकांच्या घशाला कोरड पडलेली असताना झालं.

केरळने १९९६ मध्येच अनिवासी केरळीयांसाठी ‘नोर्का’ हे स्वतंत्र खातं उभारलं. महाराष्ट्राने नाशिकपासून सुरुवात करावी. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सेतू केंद्रांत आणि ग्रामपंचायतींत एक साधा अर्ज ठेवावा: नाव, देश, शहर, व्हिसाचा प्रकार, तिथला फोन, इथल्या जवळच्या नातेवाइकाचा फोन. नोंद पूर्णपणे ऐच्छिक असावी आणि माणूस परतला की ती पुसली जावी. सरकारी यादीत आपलं नाव कुठे वापरलं जाईल, ही लोकांची शंका रास्त आहे. म्हणून संकट घोषित झाल्याशिवाय ही यादी परराष्ट्र मंत्रालयाखेरीज कुणाच्याही हाती जाणार नाही, असा लेखी नियम हवा.

घाई करायला कारण आहे. आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय आहेत. १९९० मध्ये कुवेतमधून पावणेदोन लाखांच्या आसपास लोक आणले, ते मुख्यतः जॉर्डनमधल्या अम्मानहून विमानांनी. होर्मुझच्या दोन्ही बाजूंना एकदम आग लागली, तर तेवढी विमानं उडणार नाहीत आणि तेवढी जहाजंही नसतील. तेव्हा कुणाला आधी चढवायचं, हे ठरवावं लागेल. गरोदर बाई, डायलिसिसवरचा म्हातारा, पासपोर्ट मालकाच्या कपाटात अडकलेला मजूर यांची नावं आधीच ठाऊक असतील तरच ते नीट ठरेल.

पासपोर्ट हाती नसलेल्याला दूतावास एकदाच परतीच्या प्रवासासाठी चालणारं आपत्कालीन प्रमाणपत्र देतो, पण त्यासाठी तो भारतीय असल्याची खात्री पटावी लागते. घरच्या कपाटात पासपोर्टची झेरॉक्स असेल, तर ती खात्री काही तासांत होऊ शकते. सेतू केंद्रातल्या अर्जाला ही झेरॉक्स जोडायची सोय पहिल्या दिवसापासून असायला हवी.