काळा फळा आणि काळा पडदा

ब्लॉगसाठीचं लिखाण मी नोटपॅड++ मध्ये करते आणि त्यातले रंग माझे मी लावून घेते, हे कळल्यावर आमच्या गोतावळ्याची बरीच करमणूक झाली. "मावशी, या वयात थीम कसली बदलतेस?" असा एका भाच्याचा सूर. उत्तर इथंच देते, म्हणजे सगळ्यांना एकदम पोचेल.

हल्लीच्या मुलांना काळा पडदा आणि त्यावर फिकी अक्षरं लागतात. डोळ्यांना बरं असतं म्हणे. वर पुन्हा, "तू तर जन्मभर काळ्या फळ्यावरच लिहिलंस!" लिहिलं की. पण फळा स्वतः उजळत नाही, वर्गात उजेड असतो, आणि फळ्यावरचं अक्षर चांगलं चार बोटं उंच असतं. पडद्यावरचं तांदळाएवढं. पडदा काळा केला की डोळ्याची बाहुली मोठी होते, आणि ती मोठी झाली की नजरेतले दोष जास्त जाणवतात. माझ्यासारखा सिलिंड्रिकल नंबर असेल तर पांढरी अक्षरं कडांना फुटल्यासारखी दिसतात. मराठीत हे फार महागात पडतं. अनुस्वार पुसटला की चिंतेची चिता होते! जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तरुण आणि वयस्कर असे दोन्ही गट होते. दोघांनाही फिक्या पानावरची गडद अक्षरंच सोपी गेली. म्हणजे हा केवळ म्हातारपणाचा हट्ट नाही.

रंग मात्र हवेत. व्याकरण शिकवताना मी कर्ता, कर्म, क्रियापद वेगवेगळ्या खडूंनी लिहीत असे. एडिटर दुसरं काय करतो? एचटीएमएलच्या खुणा एका रंगात, माझा मजकूर दुसऱ्या. कंस पुरा करायचा राहिला तर पुढचा मजकूर भलत्याच रंगात जातो आणि चूक तिथल्या तिथे दिसते. पण लाल खडू मागच्या बाकावरून दिसत नसे, पिवळा दिसे. रंग निवडायचा तो मागच्या बाकावरच्या पोराला विचारून.

सोलराइज्ड नावाची एक प्रसिद्ध थीम आहे, ईथन स्कूनओव्हर यांनी २०११ मध्ये केलेली. एकूण १६ रंग: आठ करड्या वळणाचे, आठ ठसठशीत. फार विचारपूर्वक केलेलं काम, आणि तिचा सायीसारखा कागद मला मनापासून आवडतो. पण त्यावरची अक्षरं इतकी सौम्य की कागदाशी त्यांचं उजेडाचं गुणोत्तर जेमतेम ४.१ भरतं. वेबवरच्या मजकुरासाठी २००८च्या सुगमतेच्या नियमांनी ४.५ सांगितलं आहे, आणि तो आकडा ठरवताना साधारण ऐंशीच्या घरातल्या माणसाची नजर हिशेबात धरली होती. म्हणजे माझीच की! मग मी सायीचा कागद ठेवला आणि अक्षरांना त्याच संचातला सर्वांत गडद रंग दिला. गुणोत्तर जवळजवळ १४. थीमकर्त्याला हे रुचणार नाही कदाचित. असो. मोतीबिंदू काढलेला डोळा त्याचा नाही.

आमच्या पिढीतल्या कित्येकांना संगणक मिळतो तो मुलांनी "लावून दिलेला". आईबाबांनी सेटिंगला हात लावायचा नाही, ही वर ताकीद. मग ते डोळे बारीक करून वाचतात, आणि एक दिवस "आता होत नाही बाई" म्हणून लिहिणं सोडतात. माझ्या दोन मैत्रिणींनी असंच सोडलं. मला हे पटत नाही. चष्म्याची काडी घट्ट करायला आपण मुलाची परवानगी मागतो का?

नोटपॅड++ मध्ये सेटिंग्जखाली स्टाइल कॉन्फिग्युरेटर आहे. तिथं तयार थीमची यादी मिळते (एकीचं नाव चक्क ‘हॅलो किटी’, ती नातीसाठी राखून ठेवली आहे). फाइलीतल्या मजकुराला यानं काहीही होत नाही. रंग फक्त आपल्या पडद्यापुरता असतो, फाइल जिला पाठवाल तिला तो तिचाच दिसेल.